होडीला हात लावला की बाद? कुणी सांगितलं?

"भावजी, हे खरं आहे का? असेल तर मी नाव मागे घेते."

रात्री साडेअकराला वहिनींचा हा मेसेज आला आणि त्याच्या वर तो फॉरवर्ड. 'पहिल्या स्प्रिंट ट्रायथलॉनचे 9 सुवर्णनियम'. लिहिणारा कोण, कुठला, पत्ता नाही. नुसतं 'एका अनुभवी कोचच्या लेखणीतून' आणि खाली जोडलेले सहा हात. गेल्या पंधरवड्यात हाच मजकूर मला चार ग्रुपवर दिसला होता आणि चारही वेळा मी अंगठ्याने वर ढकलून दिला. पण वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी पोहणं शिकलेली, वर्षभर पहाटे उठून तलावावर जाणारी बाई त्यातल्या दोन ओळी वाचून स्पर्धा सोडायला निघाली म्हटल्यावर गप्प बसवेना.

ज्यांच्यापर्यंत तो पोचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्प्रिंट म्हणजे 750 मीटर पोहणं, 20 किलोमीटर सायकल आणि 5 किलोमीटर धावणं, सगळं सलग, मधे कपडे-बूट बदलतानाही घड्याळ चालूच. एवढं फॉरवर्डात बरोबर आहे, श्रेय देऊन टाकतो. मग नियम सुरू होतात. पाण्यात शिरण्याआधी 30 खोल श्वास घ्या आणि पहिले 25 मीटर श्वास न घेता काढा. होडी, बोया (मार्ग दाखवणारा तरंगता फुगा), दोरी कशालाही हात लावू नका. पहिले 100 मीटर जीव तोडून पुढे घुसा. फ्रीस्टाइल सोडून काही चालत नाही. पाय मारू नका. आधी दीड लिटर पाणी प्या. सायकलवर वारा चुकवायला पुढच्याच्या चाकाला चिकटा. मोजे घालू नका. आणि नववा, कार्बनची सायकल नसेल तर उतरूच नका.

यातले काही नियम नुसते बावळट आहेत. दुसऱ्याने मात्र माझी झोप उडवली. तो जसाच्या तसा असा: "पाण्यात होडी, बोया, दोरी कशालाही हात लागला की तुम्ही बाद. धाप लागली तर दातओठ खाऊन पुढे जा. थांबलात तर संपलात."

वर्ल्ड ट्रायथलॉन ही या खेळाची जागतिक संघटना. तिच्या नियमांत हे स्वच्छ लिहिलेलं आहे: कुठल्याही पद्धतीने पोहा, पाण्यात उभ्याने पाय मारत राहा, तरंगा. पाय टेकत असतील तर तळावर उभे राहा. दमलात तर बोया किंवा थांबलेली होडी धरून विसावा घ्या. अट एकच, त्या आधाराने पुढे सरकायचं नाही. बोयाची दोरी ओढत दहा मीटर गेलात तर शिट्टी वाजेल आणि वाजायलाच हवी. पण धरून उभं राहणं, खोकणं, गॉगलमधलं पाणी काढणं, आकाशाकडे बघत आपण हे का करतोय असा विचार करणं, हे सगळं नियमात बसतं. याच परिच्छेदाने चौथा नियमही निकालात निघतो. ब्रेस्टस्ट्रोक चालतो, पाठीवर चालतं, कुत्र्यासारखे हातपाय मारलेले चालतात. वहिनी नाव मागे घेणार होत्या त्या या दोन नियमांमुळे.

अर्धा गुण मात्र द्यावा लागेल, आणि तो देताना माझा हात जड होतोय. खरोखर संकट आलं, तुम्ही हात वर करून मदत मागितली आणि बचाव पथकाने ती दिली, तर याच नियमांप्रमाणे तुमची स्पर्धा तिथे संपते. त्यांनी तुम्हाला होडीत ओढून घेतलं की टोपी काढायची आणि किनाऱ्यावर यायचं. कुणीतरी हे ऐकलं असणार. 'मदत घेतली तर बाद'चं दुसऱ्याच्या तोंडी 'होडी धरली तर बाद' झालं आणि तिसऱ्याने त्याला दातओठ जोडले. विसावा आणि सुटका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय आयोजकांच्या स्वतःच्या सूचना असतात. म्हणून आधीच्या ब्रीफिंगला बसा आणि हाच प्रश्न सगळ्यांसमोर मोठ्याने विचारा. लाज वाटत असेल तर माझं नाव सांगा.

मी एवढा का चिडलोय ते आता सांगतो. 2017 साली 'अॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. अमेरिकेतल्या ट्रायथलॉनमध्ये 1985 ते 2016 या काळात किती जण दगावले किंवा किती जणांचं हृदय बंद पडलं, याची ती मोजदाद होती. एकूण 135 घटना सापडल्या. 107 जणांचा मृत्यू अचानक झाला, 13 जणांचं हृदय बंद पडलं पण ते वाचले, आणि 15 जण सायकलवर अपघातात गेले. या 135 पैकी 90 घटना पाण्यात घडल्या. एकूण वेळेत सर्वांत छोटा वाटा पोहण्याचा, आणि दोनतृतीयांश घटना तिथे.

आता कुणी म्हणेल, ते लांब पल्ल्यांचं असेल, स्प्रिंटमध्ये काय होतंय! त्याच अभ्यासात हेही आहे. छोट्या स्पर्धांत लाख स्पर्धकांमागे 1.61 आणि मोठ्या स्पर्धांत 1.92. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. एकूण आकडा लाखामागे 1.74. धोका लहान आहे, हेही तितक्याच मोठ्याने म्हणतो, कारण उद्या माझाच लेख 'ट्रायथलॉन जीवघेणं' अशा मथळ्याने फिरायला नको. होडी न धरल्यामुळे ते लोक गेले असंही हा अभ्यास म्हणत नाही. ज्यांच्या शवविच्छेदनाचे अहवाल मिळाले अशा 61 जणांपैकी 27 जणांच्या हृदयात किंवा रक्तवाहिन्यांत आधीपासूनच दखल घेण्याजोगा दोष होता. पण छातीत काहीतरी विचित्र होतंय, श्वास पुरत नाही, असं ज्या क्षणी शरीर सांगतं त्या क्षणी थांबायचं की दातओठ खायचे, याचा सल्ला तुम्ही देताय. आणि खेळाच्या नावावर खोटा नियम रचून देताय.

माझी पहिली स्प्रिंट. साधारण 200 मीटर झाले असतील. पाणी मातकट, पुढे टाकलेला स्वतःचाच हात कोपरापुढे दिसेना. कुणाची तरी टाच गॉगलवर बसली आणि डावी काच पाण्याने भरली. तलावात दीड किलोमीटर आरामात पोहणारा मी, पण त्या क्षणी श्वास बाहेर सोडायचा असतो हेच विसरलो. नुसता आत, आत, आत. उजवीकडे कयाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, दिसली आणि मी तिच्या कुशीवर हात टाकला. वीस-बावीस वर्षांचा पोरगा वल्हं आडवं धरून बसला होता. तो शांतपणे म्हणाला, "काका, बाजूने नको, नाकाकडून धरा, नाहीतर दोघंही आत." मी सरकत जाऊन नाक, म्हणजे कयाकचं पुढचं टोक, धरलं. काच रिकामी केली. त्याने विचारलं, "नाव सांगा." मी सांगितलं. "ठीक आहे," म्हणाला. तो मी शुद्धीवर आहे का ते बघत होता, हे मला नंतर कळलं. मनगटावरच्या घड्याळात नंतर पाहिलं, तो सगळा थांबा 50 सेकंदांचा होता. उरलेलं अंतर मी निम्मं ब्रेस्टस्ट्रोकने काढलं आणि शर्यत पूर्ण केली. निकालपत्रकात माझ्या नावापुढे वेळ आहे, 'बाद' नाही. तो फॉरवर्ड त्या दिवशी माझ्या डोक्यात असता तर मी त्या पोराच्या बाजूने तसाच पुढे गेलो असतो. किती पुढे, ते माहीत नाही.

पहिला आणि तिसरा नियम याच खड्ड्यातले आहेत. तीस श्वासांनी म्हणे 'ऑक्सिजन भरून घ्यायचा'. कोविडच्या काळात प्रत्येकाने बोटाला ऑक्सिमीटर लावून पाहिलंय. नुसतं बसल्या जागी 97-98 दिसायचं. भरायला जागा कुठे उरलीय? जोरजोरात श्वास घेऊन बदलतो तो कार्बन डायऑक्साइड, तो रक्तातून उडून जातो. आणि 'आता श्वास घे' ही बोंब मेंदूत मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर उठते. तोच कमी करून पाण्यात श्वास रोखलात तर बोंब उशिरा उठणार, ऑक्सिजन मात्र ठरल्या वेळी संपणार. माणूस काहीही न जाणवता शुद्ध हरपतो. पाण्याखाली श्वास रोखायच्या पैजा लावणारी, चांगली पोहणारी मुलं अशीच जातात. आणि हा उद्योग नवशिक्याला शिकवायचा!

पुढे घुसण्याचं काय सांगावं. गार पाण्यात उतरलं की पहिली दोन-तीन मिनिटं श्वास आपल्या ताब्यात नसतो, तो आपोआप भरभर आणि उथळ होतो. त्याच वेळी तुम्ही जीव तोडायला घेतलात तर धाप दुप्पट. मग करायचं एवढंच: परवानगी असेल तर आधी पाण्यात उतरायचं, तोंड बुडवून बुडबुडे सोडायचे, श्वास बसेपर्यंत थांबायचं. सुरुवातीला मागे किंवा कडेला उभं राहायचं. शिट्टी झाल्यावर मनात दहा मोजायचे, पुढची झुंड जाऊ द्यायची. त्या दहा सेकंदांनी कुणाचंही पदक गेलेलं नाही.

आता उरलेले झटपट.

पाय मारू नका. यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य. ट्रायथलॉनवाले पाय बेताने मारतात, मांड्या सायकलसाठी राखतात. पण बेताने म्हणजे शून्य नव्हे. पाय सोडून दिले की कंबर बुडते आणि आपण नांगर ओढत पोहतो. ब्रेस्टस्ट्रोकवाल्याला तर पाय मारू नको म्हणणं म्हणजे सायकलवाल्याला पेडल मारू नको म्हणणं.

दीड लिटर पाणी. कशाला? हौशी माणसाचं हे सगळं दीड-दोन तासांचं काम. तहान लागेल तसं प्या, सायकलला बाटली असतेच. पोटात डचमळणारं पाणी घेऊन आडवं पोहून बघा एकदा. आणि गरजेपेक्षा फार जास्त प्यायलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, तो वेगळाच धोका.

चाकाला चिकटा. ऑलिंपिकमध्ये चालतं, 2000 साली सिडनीला हा खेळ तिथे आला तेव्हापासून. तुमच्याआमच्या वयोगटाच्या बहुतेक स्पर्धांत चालत नाही. अशा स्प्रिंटमध्ये जागतिक नियमांप्रमाणे 10 मीटर अंतर ठेवायचं असतं, नाहीतर वेळेचा दंड. शिवाय ज्याने आयुष्यात कधी घोळक्यात सायकल चालवली नाही त्याला अनोळखी माणसाच्या मागच्या चाकाला वीतभर अंतरावर लावणं, याचा शेवट हाडवैद्याकडे. म्हणजे पाण्यात थांबलात तर बाद म्हणून घाबरवायचं आणि जिथे खरोखर दंड आहे तिथे 'चिकटा' म्हणून पाठवायचं. या माणसाने एकही स्पर्धा काठावरून तरी पाहिली असेल का, याची मला शंका आहे.

मोजे. मी घड्याळ लावून पाहिलंय, ओल्या पायांवर मोजे चढवायला मला 22 सेकंद लागतात. बिनमोज्याचा फोड पाच दिवस टिकला होता. तुमचं तुम्ही ठरवा.

कार्बनची सायकल. ब्रेक लागतात का, टायरमध्ये हवा आहे का, हँडलच्या उघड्या टोकांना बुचं आहेत का, तपासणीत हे बघतात. चौकट कशाची आहे ते कुणी विचारत नाही.

ज्या चुकीने नवखा माणूस खरोखर दंड खातो, ती या नऊ नियमांत नाहीच. पाण्यातून धावत आलात की सायकलला हात लावण्याआधी हेल्मेट डोक्यावर आणि पट्टा बंद. परत आल्यावर सायकल स्टँडला लागेपर्यंत पट्टा उघडायचा नाही. ओल्या, थरथरत्या बोटांनी ती क्लिप लावणं वाटतं तेवढं सोपं नसतं. वहिनी सध्या बादलीत हात बुडवून ती लावायचा सराव करतायत.

नाव त्यांनी मागे घेतलेलं नाही. रविवारी त्यांना उघड्या पाण्यात नेतोय. एका मित्राची कयाक आहे, तो सोबत असेल. 200 मीटरवर मुद्दाम थांबायचं, नाक धरायचं, गॉगल काढून परत लावायचा आणि पुढे निघायचं, असं पाच वेळा ठरलंय. सहाव्यांदा न थांबता जाऊन बघू का, असं त्यांनीच विचारलंय.