म्हणे, लॉटरी लागली!

न केलेल्या खुनांसाठी दशकानुदशकं तुरुंगात काढलेल्या जपानच्या इवाओ हाकामादा यांना मिळालेल्या भरपाईची बातमी जिथे जिथे फिरते, तिच्यामागोमाग हे वाक्य येतंच: "चुकून आत गेला तर काय बिघडलं? सुटल्यावर सरकार कोट्यवधी देतं. लॉटरीच! तांत्रिक मुद्द्यावर सुटलेले चोरही हात धुऊन घेतात. भुर्दंड मात्र करदात्याला."

आधी लॉटरीचं बघू. रक्कम २१ कोटी ७३ लाख ६२ हजार ५०० येन. तिला १७,३८९ ने भागा. एवढे दिवस ते आत होते. दिवसाचे १२,५०० येन निघतात, आणि तिथल्या कायद्यानं याहून जास्त देताच येत नाही. हाकामादा १९६६ मध्ये तिशीत पकडले गेले, २०१४ मध्ये बाहेर आले आणि निर्दोष ठरले २०२४ मध्ये, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी. १९८० मध्ये त्यांची फाशी कायम झाली होती. जपानमध्ये फाशीची तारीख आधी सांगत नाहीत. कैद्याला कळतं ते त्याच दिवशी सकाळी. म्हणजे उजाडलं की धास्ती. लॉटरी म्हणणाऱ्यानं यातली एक सकाळ घेऊन बघावी.

"सुटला की पैसे मिळतातच," हे तर साफ चूक. इंग्लंडमध्ये २०१४ पासून नुसती शिक्षा रद्द होऊन भागत नाही; गुन्हा आपण केलाच नाही हे नव्या पुराव्यानं निःसंशय सिद्ध व्हावं लागतं. बलात्काराच्या प्रयत्नासाठी शिक्षा झालेले व्हिक्टर नीलन सतरा वर्षं आत होते. पीडितेच्या कपड्यांवर दुसऱ्याच पुरुषाचा डीएनए सापडला, शिक्षा रद्द झाली, भरपाई मात्र नाकारली. २०२४ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयानंही त्यात ढवळाढवळ केली नाही. भारतात तर यासाठी वेगळा कायदाच नाही. विधी आयोगानं २०१८ मध्ये तो सुचवला, तो अजून कागदावरच. रुदुल साह १९६८ मध्ये निर्दोष सुटूनही चौदा वर्षं तुरुंगातच राहिले. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिलेली रक्कम, आधीचे पाच हजार धरून, ३५,००० रुपये. तीही कायद्यात लिहिलेला हक्क म्हणून नव्हे, रिट याचिकेत न्यायालयाला वाटलं म्हणून.

"तांत्रिक मुद्द्यावर सुटलेले चोरही हात धुऊन घेतात" याचं उत्तर वरच आलं. नीलनना जिथे भरपाई मिळाली नाही, तिथे चोराला कोण देतो?

राहिला भुर्दंड. हाकामादांवरचा खटलाही करदात्यांच्याच पैशावर चालला होता. मिसोच्या (सोयाबीन आंबवून केलेल्या पदार्थाच्या) टाकीत वर्षभरानं 'सापडलेले' रक्ताळलेले कपडे हा बनावट पुरावा होता, असं शेवटी न्यायालयानंच म्हटलं. तेव्हाच्या खर्चाचा हिशेब कुणी मागितलेला दिसत नाही. इंग्लंडमध्ये तर हिशेब उलटाच होता: तुरुंगात राहिल्यामुळे तुमचा राहण्याखाण्याचा खर्च वाचला, असं म्हणून भरपाईतून पैसे कापता येत. २००७ मध्ये तिथल्या सर्वोच्च पीठानं त्याला मान्यताही दिली. सतरा वर्षं नाहक आत काढलेल्या अँड्र्यू माल्किन्सन यांनी बाहेर आल्यावर बोंब मारली, तेव्हा कुठे २०२३ मध्ये ती कपात बंद झाली.