प्रतिक्रियेला उत्तर: सुरुवातीच्या जर्मन रॅपमधलं राजकारण उसनं होतं का?

एवढी सविस्तर कमेंट लिहिलीत त्याबद्दल थँक्स. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की सुरुवातीच्या जर्मन हिपहॉपमधला राग अमेरिकन रॅपर्सकडून उचललेला होता, आणि लोकांनी खरं डोक्यावर घेतलं ते फांटास्टिशन फीअर या जर्मन रॅप ग्रुपचं 'दी दा', एकाच मुलीवर भाळलेल्या दोन मित्रांचं हलकंफुलकं गाणं. दुसरा मुद्दा मान्य, १९९२ ला हिट तेच होतं. पण पहिला अजिबात पटत नाही.

स्टाइल अमेरिकेचीच, त्यात वादच नाही, जर्मनीतल्या हायडेलबर्गला तर अमेरिकन आर्मीचं मोठं हेडक्वार्टरच होतं. पण त्याच गावातल्या ॲडव्हान्स्ड केमिस्ट्री या रॅप ग्रुपचं 'फ्रेम्ट इम आयगनन लांड' म्हणजे आपल्याच देशात परके, हे गाणं काय सांगतं बघा ना. ग्रुपमधल्या टोर्चची मुळं हैतीत, लिंग्विस्टची घानात, टोनी एलची इटलीत, आणि गाण्यातल्या माणसाकडे सोनेरी गरुडाचा हिरवा जर्मन पासपोर्ट असूनही त्याला जर्मन मानायला कोणी तयार नाही. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेलं पोर जन्मतःच अमेरिकन नागरिक असतं, जर्मनीत मात्र १९१३ चा कायदा रक्तावर चालायचा, तुर्की कामगाराचं पोर तिथेच जन्मून तिथल्याच शाळेत शिकलं तरी कागदावर परदेशीच, आणि हे बदललं थेट २००० साली. मग हा विषय ते कॉपी करणार तरी कुठून?

आणि तारखा बघा हो. ऑगस्ट १९९२ मध्ये रोस्टॉकला व्हिएतनामी कामगार राहायचे त्या बिल्डिंगला जमावाने आग लावली आणि बघे टाळ्या वाजवत होते, नोव्हेंबरमध्ये हे गाणं आलं आणि त्याच महिन्यात म्योल्नला तुर्की कुटुंबांची घरं पेटवली, एक बाई आणि दोन मुली गेल्या. यावर राजकारण्यांनी काय केलं, तर निर्वासितांचा आश्रयाचा हक्कच आवळायचं ठरवलं, २६ मे १९९३ ला संसदेत घटनादुरुस्ती पास झाली आणि तीनच दिवसांत झोलिंगनला घर जाळून पाच जणींचा जीव घेतला, त्यातली सगळ्यात लहान चार वर्षांची. अशा वेळी ही मुलं जर्मनमध्येच, त्याच लोकांच्या तोंडावर बोलत होती, हे मला फार मोठं वाटतं. चार्टवर कोण कितव्या नंबरला होतं यावरून ते मोजता येत नाही.

त्यांचं १९९४ चं 'ओपराट्सिओन आर्टिकल ३' पण ऐका, नाव जर्मन घटनेतल्या समानतेच्या कलमावरून घेतलंय. ते ऐकून मग सांगा, यातलं नेमकं काय अमेरिकेतून उचललंय.