बटणं कुणाच्या डोळ्यांत खुपत होती?

या नव्या टचस्क्रीनच्या म्युझिक प्लेअरचा आवाज चांगला आहे हो, त्याबद्दल तक्रार नाही. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो गुंजारव, अशी उलगडते की कोथरूड डेपो ते स्वारगेट कधी संपलं कळत नाही. हेडफोनची पिन लागते, मेमरी कार्ड बसतं, मध्येच कुणाचा फोन येत नाही. पण जरा काही बदलायचं म्हटलं की डोकं फिरतं!

जुन्या प्लेअरला बटणं होती. खिशात हात घालून, न बघता, अंगठ्यानं काम व्हायचं. आता एका हातानं बसचा दांडा धरायचा, दुसऱ्यानं प्लेअर काढायचा, काच उजळायची, लॉक सरकवायचं, आणि तेवढ्यात ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला की बोट भलतीकडे. परवा ४८ मिनिटांचा मारवा राग ऐकत होतो. विलंबित, म्हणजे संथ लयीचा भाग, रंगात आलेला. एक जागा परत ऐकावी म्हणून काचेवरच्या, गाणं पुढं-मागं करायच्या पट्टीला बोट लावलं. पट्टी जेमतेम ६ सेंटिमीटरची, म्हणजे सेंटिमीटरला ८ मिनिटं. माझं बोट काय सुईचं टोक आहे? मागं जायचं सोडून थेट द्रुतात, जलद लयीत!

पावसाळ्यात तर विचारूच नका. बोट लागलं की काचेवरच्या विद्युतक्षेत्रात फरक पडतो, त्यावर हे सगळं चालतं. पाण्याच्या थेंबानंही तो पडतो. काल डेक्कनला खिडकीतून शिंतोडे आले आणि गाणी आपोआप पुढं पळायला लागली. शर्टाला पुसावं म्हटलं, तर शर्टही ओलाच.