कैगा, दहा खाती आणि तो मिठाचा फॉरवर्ड

गेल्या आठवड्यापासून आमच्या बेळगावात आधी गल्लीच्या ग्रुपवर, मग पाहुण्यांच्या, मग दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरालाय, वर चार लाल दिवे आणि 'सीमावासीयांनो जागे व्हा'. म्हणणं थोडक्यात असं की कैगात, म्हणजे कारवारजवळच्या अणुवीजकेंद्रात, काही झालं तर जबाबदार कोण हेच आपल्याकडे ठरलेलं नाही, दहा खाती एकमेकांकडे बोट दाखवणार, अमेरिकेत बघा एकच एजन्सी सगळं सांभाळते, आपल्याला तर कर्नाटकही विचारणार नाही नि महाराष्ट्रही नाही, कैगाचं पाणी आपल्या नद्यांत येतंय, म्हणून आयोडीनचं मीठ भरून ठेवा. आमच्या काकांनी दहा पिशव्या आणल्या पण.

अमेरिकेचं आधी घेतो, कारण त्यावरच सगळे 'बघा बघा' करालायत. तिथं एकच एजन्सी असते हे साफ चूक. 2004 च्या त्यांच्या नॅशनल रिस्पॉन्स प्लॅनमध्ये अणू आणि किरणोत्सर्गाच्या घटनांसाठी वेगळं परिशिष्ट होतं, आणि त्यात कोऑर्डिनेटिंग एजन्सी कुठली हे माल कुणाचा यावर ठरायचं. लायसन्सवालं वीजकेंद्र असेल तर एनआरसी, म्हणजे त्यांचं अणू नियामक मंडळ. लष्कराच्या ताब्यातलं काही असेल तर संरक्षण खातं, ऊर्जा खात्याचं असेल तर ऊर्जा खातं, नासाचं असेल तर नासा, आणि मालकच सापडत नाही असं काही कुठं पडलेलं मिळालं तर पर्यावरणवाली ईपीए. घातपाताचा वास आला की तपास एफबीआयकडे, आणि घटना मोठी असेल तर या सगळ्यांच्या वर होमलँड सिक्युरिटी. आपल्याकडं दुसऱ्याच्या शेतात म्हैस शिरली की पहिला प्रश्न काय असतो? कुणाची म्हैस. तेच आहे ते. आणि लोकांना घराबाहेर काढायचं का नाही हा निर्णय तिथं पण राज्य आणि स्थानिक लोकच घेतात, वॉशिंग्टनवाले सल्ला देतात.

आता 'दहा खाती म्हणजे गोंधळ'. आपल्याकडचे गणपती आठवा की. कपिलेश्वर तलावाकडं निघालेली उंच मूर्ती, पुढं हेस्कॉमचा, म्हणजे वीज कंपनीचा, माणूस बांबूनं वायर वर उचलून धरतोय, पोलीस गर्दी मागं ढकलतायत, महापालिकेची क्रेन तलावावर थांबलेली, अग्निशामक एका कोपऱ्यात. खाती चार, पण वायर कुणी उचलायची यावर तिथं भांडण होत नाही, आणि पोलिसानं बांबू धरावा असं कुणी म्हणत पण नाही.

कैगात प्रत्यक्षात घडलेलंच घ्या, नोव्हेंबर 2009. आत कामगारांच्या पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये कुणीतरी ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजन, असलेलं अणुभट्टीतलं जड पाणी मिसळलं. सापडलं कसं, तर कामगारांची लघवी नेहमी तपासतात त्यात, पन्नासच्या वर लोकांच्या अंगात ट्रिटियम जास्त निघालं. बाहेर गळती नव्हती, हे आतल्याच कुणाचं तरी काम. आता या एका कूलरला किती खाती लागली बघा, माणसांचं बघायला आणि कूलर बंद करायला केंद्र चालवणारी एनपीसीआयएल, डोस किती, नियम कुठं मोडला हे बघायला एईआरबी, म्हणजे आपलं अणू नियामक मंडळ, आणि कुणी केलं हे शोधायला पोलीस. यातलं एक खातं दुसऱ्याचं काम करू शकलं असतं का? फॉरवर्डवाल्यानं याच घटनेची बातमी चिकटवलीय, पण 'गळती' म्हणून.

मेसेज म्हणतो ठरलेलं नाही, पण आपली साखळी कागदावर स्पष्ट आहे. अणुऊर्जा खातं नोडल, म्हणजे सगळ्यांना जोडणारं, त्यांचा क्रायसिस मॅनेजमेंट ग्रुप 1987 पासून आहे. एनडीएमएनं, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं, 2009 मध्ये अणू आणि किरणोत्सर्गाच्या आपत्तीसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. वीजकेंद्राच्या गेटवर सीआयएसएफ, म्हणजे केंद्र सरकारचं सुरक्षा दल. बिघाड कुंपणाच्या आत असेपर्यंत केंद्रवाल्यांची जबाबदारी, कुंपणाबाहेर परिणाम जायची वेळ आली की सूत्रं जिल्हाधिकाऱ्याकडे, म्हणजे कैगाच्या बाबतीत कारवारचा डीसी. घरात थांबा, आयोडीनची गोळी घ्या, दूध वापरू नका, गाव सोडा, हे सांगणार तो, वीजकेंद्राचे तज्ज्ञ त्याला आकडे देणार. 2005 चा आपत्ती कायदाच डीसीला जिल्हा प्राधिकरणाचा अध्यक्ष करतो. ही सविस्तर तयारी केंद्राच्या भोवती 16 किलोमीटरची असते आणि कुंपणाबाहेरची रंगीत तालीम दोन वर्षांतून एकदा घ्यायची असते. बेळगाव तिथनं सरळ रेषेत शंभराच्या वर, खानापूर पण ऐंशीच्या वर. म्हणजे आपल्याला कधीच काही करावं लागणार नाही असं नाही म्हणत मी, वारा आणि पाऊस नकाशा बघून येत नाहीत, पण 'आपण कैगाच्या तोंडाशी' हे काय खरं नव्हे.

पाण्याचं तर हसायलाच आलं. कैगा काळी नदीवर, कद्रा धरणाच्या पाण्याकाठी, आणि काळी कारवारला समुद्राला मिळते. आपली मलप्रभा कणकुंबीला उगवते आणि पूर्वेला जाते. बेळगावला पाणी राकसकोपचं आणि हिडकलचं, एक मार्कंडेय नदीचं, एक घटप्रभेचं. काळीचं पाणी घाट चढून राकसकोपला येणार असेल तर आधी ती पाइपलाइन कुठनं आलीय ते दाखवा.

मीठ. काका, हे तुमच्यासाठी. आयोडीनची गोळी फक्त थायरॉइडला वाचवते, ती पण हवेत किरणोत्सर्गी आयोडीन आलं असेल तर आणि सांगितल्या वेळी घेतली तरच. मोठ्या माणसाच्या पोटॅशियम आयोडाइडच्या 130 मिलिग्रॅमच्या गोळीत आयोडीन साधारण 100 मिलिग्रॅम. आपल्या किराण्यातल्या मिठात किलोला कमीत कमी 15 मिलिग्रॅम. म्हणजे त्या हिशोबानं एका गोळीसाठी साडेसहा किलोच्या वर मीठ एका बसणीला खायचं. किरणोत्सर्गाआधी बीपीनंच जाल ओ. 2011 ला फुकुशिमानंतर चीनमध्ये लोकांनी अशीच मिठासाठी झुंबड केली होती. पिशव्या लोणच्याला वापरा.

खरं म्हणजे आपल्या जवळचा धोका कैगाहून लहान आणि गुपचूप आहे. 2010 ला दिल्लीत मायापुरीच्या भंगारात विद्यापीठानं लिलावात काढलेलं एक जुनं यंत्र आलं, आत किरणोत्सर्गी कोबाल्ट-60, कापणाऱ्यांना पत्ताच नाही, एक माणूस गेला. आपल्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, भंगार वितळवणाऱ्यांनी कैगापेक्षा याची काळजी करावी. पिवळ्या पाटीवर तीन पात्यांचं चिन्ह असलेलं, शिशानं जड असलेलं काही आलं तर कापू नका, लांब व्हा, 112 लावा. खातं कुठलं ते शोधायचं काम तुमचं नाही.

राहिला तो 'दोन्ही राज्यं सोडून देतील' मुद्दा. कायद्यानं नाही सोडता येत, सीमेचा खटला 2004 पासून सुप्रीम कोर्टात असला तरी आज बेळगावचा डीसी कर्नाटकचा आहे आणि जबाबदारी त्याचीच. एनडीआरएफ, म्हणजे आपत्तीत बचावाला येणारी फोर्स, तर केंद्र सरकारची, तिची पुण्याजवळची पाचवी बटालियन किरणोत्सर्गाचं ट्रेनिंग असलेली आहे आणि पुणे आपल्याला बेंगळूरपेक्षा जवळ.

पण एवढ्या एका जागी मी फॉरवर्डवाल्याला अर्धे मार्क देतो. 2019 च्या पुरात यमगर्णीजवळ हायवे बंद होता तेव्हा निपाणीकडच्या आमच्या आत्याच्या गावात घरं सोडायची नोटीस चिकटवली, सगळी कन्नडमध्ये. आत्याला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. ती नोटिशीचा फोटो काढून मला पाठवते, मी शेजारच्या पोराला दाखवतो, तो वाचतो, मी फोन करतो, फोन लागत नाही. पाणी तोवर गोठ्यात. दिल्लीची दहा खाती सोडा, ग्रामपंचायतीच्या पीडीओनं मराठीतनं चार ओळी लावल्या असत्या तर भागलं असतं. आपत्तीच्या सूचना कन्नडबरोबर मराठीत पण लावा असा अर्ज डीसी ऑफिसला द्यायचाय, मसुदा माझ्याकडं आहे, ज्यांनी तो मेसेज पुढं ढकललाय त्यांनी पहिल्यांदा सही करायला या.