मायक्रोवेव्हच्या फोटॉनमध्ये ऊर्जा कमी, मग पाणी उकळतं कसं?

नमस्कार. तुमचा आक्षेप मुद्द्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमचं म्हणणं असं: 'वारंवारता वाढली की ऊर्जा वाढते' हे विधान दिशाभूल करतं. मायक्रोवेव्हची वारंवारता दृश्य प्रकाशापेक्षा कितीतरी कमी, तरी तिने पाणी उकळतं. निळ्या दिव्याने हात कोमटही होत नाही. शिवाय तरंगाची ऊर्जा आयामावर, म्हणजे तरंगाच्या उंचीवर ठरते, असं आपण शाळेतच शिकलो.

ही निरीक्षणं खरी आहेत, निष्कर्ष मात्र मला पटत नाही. प्लांकचा स्थिरांक (एक ठरलेली, फार लहान संख्या) गुणिले वारंवारता म्हणजे ऊर्जा, हे सूत्र एका फोटॉनचं, म्हणजे प्रकाशाच्या ऊर्जेच्या एका सुट्या पुडक्याचं आहे, अख्ख्या झोताचं नाही. आयाम दुप्पट केला की त्याच वारंवारतेचे फोटॉन चौपट होतात. एकेका फोटॉनची ऊर्जा मात्र तसूभरही वाढत नाही.

ओव्हनचंच गणित करू. वारंवारता २.४५ गिगाहर्ट्झ, म्हणजे एका फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉनव्होल्टचा (अणूंच्या पातळीवरची ऊर्जा मोजायचं छोटं एकक) जेमतेम एक लाखावा भाग. निळा फोटॉन त्याच्या सुमारे पावणेतीन लाख पट. पण ८०० वॉटचा ओव्हन सेकंदाला जे फोटॉन ओततो, त्यांची संख्या ५ वर २६ शून्यं इतकी असते. पाणी तापतं ते या संख्येच्या बळावर. एक वॉट निळा प्रकाश आणि एक वॉट मायक्रोवेव्ह, दोन्ही पूर्ण शोषले गेले तर उष्णता सारखीच देतील.

तापवण्यापुरता प्रश्न असेल तर बेरीज चालते. इलेक्ट्रॉन बाहेर काढायचा असेल तर नाही, कारण एक इलेक्ट्रॉन सहसा एका वेळी एकच फोटॉन शोषतो. जस्ताच्या पत्र्यातून तो सुटायला सुमारे ४.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. लाल फोटॉनकडे दोनही नसतात, त्यामुळे लाल दिवा कितीही प्रखर करा, दिवसभर लावून ठेवा, काही होत नाही. पुरेशा वारंवारतेचा अतिनील झोत क्षीण असला तरी इलेक्ट्रॉन लगेच निघू लागतात. तीव्रतेने बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची संख्या वाढते, त्यांची ऊर्जा नाही, हे भौतिकशास्त्रज्ञ लेनार्ड यांना १९०२ मध्येच दिसलं होतं; त्याचा अर्थ आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये लावला.

तुमच्यासारखीच शंका अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ मिलिकन यांनाही होती. फोटॉनची कल्पना त्यांना मान्य नव्हती, आणि तरीही त्यांनी वर्षानुवर्षं खपून मोजमापं केली. १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रकाशाची वारंवारता आणि बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा यांचा आलेख सरळ रेषाच निघाला, आणि त्या रेषेच्या चढावरून प्लांकचा स्थिरांक काढता आला. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण तो करणाऱ्याला वेगळं उत्तर अपेक्षित होतं.

एक अपवाद सांगायलाच हवा. एकच अणू दोन फोटॉन एकदम शोषू शकतो. भौतिकशास्त्रज्ञ मारिया गेपर्ट-मायर यांनी १९३१ मध्ये ही शक्यता मांडली आणि लेसर आल्यावर, १९६१ मध्ये, ती प्रत्यक्षात दिसली. अशा वेळी तीव्रतेला खरंच महत्त्व येतं, कारण दोन फोटॉन एकाच क्षणी एकाच जागी असावे लागतात आणि साध्या दिव्यात तशी गर्दी नसते. पण तिथेही दोघांच्या ऊर्जेची बेरीज लागते तेवढी भरावीच लागते.