ताडपत्रीपेक्षा रस्ता बरा : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि खरं सांगते, आधी रागच आला. काल दिवसभर तो निवू दिला, आज लिहायला बसले. बाकीच्यांना संदर्भ लागेल म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात मांडते, कुठे चुकलं तर कान धरा.

गेल्या आठवड्यात मी गुहागर ते आंजर्ले आणि परत, असा माझ्या पद्मिनीचा (वडिलांची जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी) डिसेंबरातला प्रवास लिहिला. त्यावर तुम्ही म्हणता की तुम्ही तीस वर्षं इंग्लंडात काढलीत, तिथे शहाणा माणूस नोव्हेंबर ते मार्च जुनी गाडी शेडबाहेर काढत नाही. हिवाळ्यात ती चालवणं म्हणजे तिला गंज पाजणं. मी चार फोटोंसाठी वडिलांची गाडी सडवते आहे. "आजीचा शालू नेसून कुणी मासळीबाजारात जातं का?" असंही विचारलंत. शिवाय इतकी जुनी गाडी रोज रस्त्यावर आणणं नियमात बसत नाही. आणि सगळ्यात शेवटी, फेरीबोटीच्या फोटोबद्दल एकच ओळ : "चाकाखाली बघा."

त्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात.

मी चाकाखाली पाहिलं. धोपाव्याच्या जेटीवर ओहोटीला उतार बराच उघडा पडतो, शेवाळलेला. फेरीबोटीची फळी त्यावर टेकते तिथे बोटभर खारं पाणी असतंच. गाडी पहिल्या गिअरात चढवली की पुढची चाकं ते पाणी सरळ मडगार्डच्या आत, हेडलाइटच्या मागच्या खोबणीत फेकतात. त्या खोबणीत आधीच माती बसलेली असते. ती पाणी पिते आणि धरून ठेवते. गुहागरहून दापोलीकडे फेरी न घेता जायचं तर चिपळूण, खेड असा शंभरेक किलोमीटरचा वळसा पडतो, म्हणून फेरीचा मोह सुटत नाही. माझा नियम असा की फेरी घेतली की घरी पोचल्या पोचल्या, चहाच्याही आधी, खालून पाणी मारायचं. त्या दिवशी परतताना अंधार झाला, जेवले आणि झोपले. गाडी धुतली दुसऱ्या दिवशी दहा वाजता. तोवर पंधरा-सोळा तास मीठ तसंच बसून होतं. चूक माझी, मान्य. (धुण्याचं पाणीही बघावं लागतं. आमच्या विहिरीचं डिसेंबरात गोडं असतं, मे उजाडला की मचूळ होतं. त्यामुळे पंप सुरू केला की मी आधी ओंजळभर तोंडात घेऊन बघते. शेजारच्या वहिनींना वाटतं, गाडीला तीर्थ देते आहे.)

आता हिवाळ्याकडे येते.

काका, तुमच्याकडे हिवाळ्यात गाडी सडते ती थंडीने नाही. गंजाला लागतं पाणी, हवा आणि मदतीला मीठ. थंडीत उलट ती क्रिया मंदावते. तिकडे रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून खाणीतलं मीठ पसरतात, चेशरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतलं, आणि ते ओलं मीठ महिनोन्‌महिने गाडीच्या पोटाला चिकटतं. म्हणून तुमचा नियम तुमच्या रस्त्यांसाठी सोळा आणे खरा आहे. पण त्या नियमातलं मूळ कारण मीठ आहे, डिसेंबर हा महिना नाही. आमच्याकडे रस्त्यावर कुणी मीठ टाकत नाही. आमचं मीठ हवेतून येतं, बाराही महिने येतं, आणि गाडी घरात असली तरी येतं. आमचं घर समुद्रापासून सुरूच्या बनाच्या अलीकडे, हाकेच्या अंतरावर. पंख्याची पाती, खिडकीचे गज, गॅसच्या शेगडीच्या जाळ्या, काही म्हणजे काही सुटत नाही. यांतली एकही वस्तू मी कधी रस्त्यावर चालवलेली नाही.

पावसाळ्यात मिठाच्या बरणीचं काय होतं ते तुम्हाला आठवत असेल. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मीठ आपणहून पाणी ओढून घेतं. समुद्राच्या मिठात तर मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, त्याला याहून कितीतरी कमी ओल पुरते. म्हणजे पत्र्यावर बसलेला मिठाचा थर पावसाचा थेंब न लागताही जून ते सप्टेंबर ओलाच असतो. तुमचा हिवाळा म्हणजे आमचा पावसाळा. तेव्हा मी गाडी काढत नाही, अगदी गणपतीलासुद्धा नाही. दिवाळीनंतर हवा कोरडी व्हायला लागते, रात्रीचा मतलई वारा जमिनीकडून येतो, आणि कोपऱ्याकोपऱ्यांतली चार महिन्यांची ओल बाहेर काढायची संधी मिळते. तीही जेमतेम मार्चपर्यंतच. पुढे उन्हाळ्यात घाट चढताना इंजिनाला पेट्रोल पुरवणारा गाडीतला पंप तापतो, पेट्रोलची आतल्या आत वाफ होते आणि गाडी मधेच बसते. मग पंपावर ओलं फडकं टाकून वाट बघायची. हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता झाकून ठेवण्याबद्दल. हा प्रयोग मी केलेला आहे, ऐका.

नोकरीसाठी पुण्यात होते तेव्हा २०१६ आणि २०१७ असे दोन पावसाळे आणि मधला हिवाळा गाडी पडवीत उभी होती. सगळ्यांनी तोच सल्ला दिला होता : चांगली झाकून ठेव. चांगली निळी ताडपत्री, चारी बाजूंनी सुंभाने बांधलेली. त्याआधी एका गॅरेजात खालून अंडरकोटिंगही (गंजू नये म्हणून काळा थर) करून घेतलं होतं. परत आले तेव्हा वरून रंग शाबूत, क्रोम पुसलं की चमकणारं. मला अगदी धन्य वाटलं. मग मिस्त्रींनी ड्रायव्हरच्या पायाखालची रबरी मॅट उचलली. खाली तांबडा भुगा, चिऱ्याच्या खाणीत असतो तसा. त्यांनी स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला, दाबलासुद्धा नाही. तो मुठीपर्यंत खाली गेला आणि खालच्या फरशीवर टोक आपटल्याचा टक्‌ असा आवाज आला. तो आवाज मी अजून विसरलेले नाही.

गॅरेजवाल्याने (नाव घेत नाही, आता तिथे दुसरंच दुकान आहे) गंज न खरवडताच वर काळा थर फासला होता. वरून ताडपत्री, खालून डांबरासारखा थर, आणि मधे कोंडलेली ओल. मागच्या दोन्ही चाकांचे ब्रेक सिलिंडर जाम. कार्बोरेटरमध्ये पिवळा चिकटा. डिकीत उंदरांचा संसार, त्यासाठी कापूस माझ्याच मागच्या सीटमधून काढलेला. दोन्ही फ्लोअर कापून नवा पत्रा वेल्ड करायला जे पैसे गेले त्यात एक बरी स्कूटर आली असती. आणि या सगळ्या काळात गाडी एक किलोमीटरही धावली नव्हती, हे लक्षात घ्या.

नुसती चालू करून ठेवायची, हाही सल्ला तेव्हा मिळाला होता. दादा आठवड्यातून एकदा पाच मिनिटं इंजिन सुरू करायचा आणि मला फोनवर ते ऐकवायचा. बिचारा मनापासून करायचा. पण एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. सायलेन्सर नीट तापला तर ती वाफ निघून जाते. पाच मिनिटांत तो कोमटही होत नाही, पाणी आतच साठतं. आमचा सायलेन्सर आतून बाहेर असा सडत आला होता. इंजिन ऑइलचं झाकण उघडलं तर आत साईसारखा पांढरट थर. तेही पाणीच.

म्हणून आता हिवाळ्यात दर तीन-चार दिवसांनी तासाभराची फेरी. अगदी पहाटे नाही. रात्री दहिवर इतकं पडतं की सकाळी बॉनेटवर बोटाने नाव लिहिता येतं. आठ वाजेपर्यंत ऊन लागू देते, बाबांच्या जुन्या धोतराच्या तुकड्याने काचा, दारांच्या खालच्या कडा, डिकीची पन्हळ पुसते. दारांच्या खाली पाणी जायला बारीक भोकं असतात, ती खराट्याच्या काडीने मोकळी करते. चोक ओढायचा, अर्धा मिनिट, की आत. तुमच्यासारखं रेडिएटरमधलं पाणी गोठू नये म्हणून अँटिफ्रीझ इकडे लागत नाही, पण रेडिएटर आतून गंजू नये म्हणून कूलंट मीही घालते. मग शृंगारतळीवरून मार्गताम्हाण्यापर्यंत जायचं आणि परत. त्या रस्त्याने समुद्र मागे पडतो. परत येईपर्यंत ब्रेकचे ड्रम, सायलेन्सर, इंजिन सगळं कोरडं खणखणीत. दुपारचा खारा वारा सुटायच्या आत गाडी पडवीत. ताडपत्री नाही, सुती चादर, आणि काचा दोन बोटं खाली.

या फेऱ्यांत फोटो निघतात, हे खरं आहे. आंब्याला मोहोर धरलेला असतो, कडेला वालाच्या शेंगा विकायला बायका बसलेल्या असतात. कोण नाही काढणार?

नियमाचं लवकर सांगून टाकते. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांपुढची गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. तिला 'व्हीए' अक्षरांची वेगळी पाटी मिळते, आणि तशी नोंद केलेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल एवढ्यापुरतीच काढायची. माझी पद्मिनी १९८६ ची. ती अजून त्या वयाची नाही, आणि झाली तरी मी तशी नोंद करीनच असं नाही. आज ती साध्या खाजगी गाडीसारखी दर पाच वर्षांनी आरटीओत तपासून नव्याने नोंदवलेली आहे. तुमच्याकडे ४० वर्षांपुढच्या गाडीला रोड टॅक्स माफ असतो म्हणे. आमच्याकडे पंधरा वर्षं झाली की पर्यावरण कर भरायचा. तो भरून मी चालवते आहे, तेव्हा कायद्याच्या बाजूने निर्धास्त राहा.

ब्रेकबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण लिहायला हवं होतं. चारही चाकांना ड्रम ब्रेक, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही. परशुराम घाट उतरताना मी दुसरा गिअर सोडत नाही, मागचा कितीही हॉर्न वाजवो. चिपळूणजवळ वाशिष्ठीच्या खोऱ्यात सकाळी धुकं असलं तर सरळ बाजूला घेऊन चहा. आणि नाताळ ते एक जानेवारी गाडी घरात, कारण त्या आठवड्यात आमच्या अरुंद रस्त्यांवर कोण कुठून येईल ते ग्रामदैवतालाही सांगता येणार नाही.

राहिला शालू. आजीचा शालू माझ्याकडेच आहे, काका. नुसता ट्रंकेत ठेवला तर तो घडीवर चिरतो, जरीकाम असतं तिथे आधी. म्हणून आई दर हिवाळ्यात तो बाहेर काढते, सावलीत वारा देते, घडी मोडून दुसरीकडे घालते. वर्षातून एखाद्या कार्याला नेसतेसुद्धा. मासळीबाजारात नाही, तेवढं तुमचं खरं.

आता तुमच्या प्रतिक्रियेतली एक गोष्ट, जी तुम्ही जाता जाता लिहून गेलात आणि माझा राग तिथेच गेला. तुमची स्वतःची १९६८ ची फियाट ११०० हेदवीच्या घरी अकरा वर्षं "ताडपत्रीखाली अगदी सुरक्षित" आहे. काका, अकरा वर्षं म्हणजे अकरा पावसाळे. तुमच्या पुतण्याला आजच फोन करा आणि ताडपत्री काढायला सांगा. हवा कोरडी आहे तोवर चारही दारं, डिकी, बॉनेट उघडं ठेवू दे. मॅट उचलून बाजूला करू दे. इंजिन मात्र कुणी चालू करू नका. जुनं पेट्रोल काढायचं आहे, प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं थोडं ऑइल सोडून दोन दिवस मुरू द्यायचं आहे, मग हाताने फिरतं का बघायचं. आत्ताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते जुन्या रबराला खातं, तेव्हा नवं पेट्रोल भरायच्या आधी सगळे पाइप बदलावे लागतील. इंजिन माझ्या पद्मिनीसारखंच १०८९ सीसीचं, त्यामुळे बरंचसं सामान माझ्या मिस्त्रींकडे मिळेल.

हेदवी आमच्यापासून लांब नाही. रविवारी मी आणि मिस्त्री जाऊन येतो, पद्मिनीनेच. तुमची हरकत नसेल तर मॅटखालचे फोटो पाठवते, जसे असतील तसे. फक्त डिकीची चावी कुठे आहे ते कळवा. कदाचित ती तुमच्यासोबतच इंग्लंडला गेली असेल.