मागची सीट काढली की विमान नुसतं हलकं होत नाही

जुन्या छोट्या विमानांच्या शौकिनांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: ‘जुन्या विमानाची मागची सीट काढणं दोन मिनिटांचं काम. त्याला ना मेकॅनिक लागतो, ना कागद; जुनं विमान आहे, कोण विचारतो! कुठलंही जुनं विमान असो, ते हलकं होतं, म्हणजे ते जास्त सुरक्षित होतं आणि जास्त वेगानं उडतं. शिवाय मागे दोन माणसांच्या वजनाचं सामान खुशाल भरता येतं.’

सल्ला मूळचा अमेरिकेतला. सेस्ना १७० (१९४८ ते १९५६ या काळात बनलेली), पायपरची पेसर आणि ट्राय-पेसर, स्टिन्सन १०८ अशी चार आसनी विमानं तिथे आजही लोकांच्या खासगी हँगरमध्ये आहेत. जुलैत विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशच्या विमान-मेळाव्याला निघायचं, पंखाखाली तंबू ठोकायचा, तर सामानाला जागा हवीच. सीट काढण्यात गैर काही नाही. पण वरच्या सल्ल्यातलं पहिलं वाक्य तेवढं बऱ्यापैकी खरं आहे. पुढची सगळी अर्धवट आहेत, आणि शेवटचं तर धोक्याचं.

‘हलकं झालं, म्हणजे सुरक्षित झालं.’

विमानाचं वजन किती हा अर्धा प्रश्न झाला. ते वजन कुठे आहे हा उरलेला अर्धा. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की ती उलाळ होते, पुढे जास्त झाला की धुरजड. विमानालाही गुरुत्वमध्याची पुढची आणि मागची अशा दोन मर्यादा आखून दिलेल्या असतात आणि त्यांच्यामधलं अंतर काही इंचांचंच असतं.

हिशेबापुरते सोपे आकडे घेऊ. समजा, रिकाम्या विमानाचं वजन १,२५० पौंड आणि गुरुत्वमध्य संदर्भरेषेपासून (जिथून सगळी अंतरं मोजतात ती रेषा) ३८ इंचांवर. वजन गुणिले अंतर म्हणजे मोमेंट ४७,५००. मागची सीट २५ पौंडांची आणि ७२ इंचांवर, म्हणजे तिचं मोमेंट १,८००. ती काढली की उरतात १,२२५ पौंड आणि ४५,७००. भागाकार केला की नवा गुरुत्वमध्य येतो ३७.३ इंच. जेमतेम दोन टक्के वजन गेलं आणि रिकाम्या विमानाचा गुरुत्वमध्य पाऊण इंचाच्या आसपास पुढे सरकला. इंधन आणि माणसं चढल्यावर हा फरक थोडा कमी भरतो, पण दिशा तीच राहते.

आता पुढे दोन धिप्पाड माणसं बसवा. मागे कुणी नसताना चार आसनी विमान आधीच धुरजड असतं. त्यात ही भर पडली की उतरताना नाक वर धरायला एलिव्हेटर (शेपटीवरची हलती आडवी पट्टी) जास्त ओढावा लागतो आणि स्टॉलचा वेगही, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमानाला उचलून धरू शकत नाहीत तो वेग, थोडा वाढतो. सेस्ना १७० आणि पेसर यांचं तिसरं चाक शेपटीखाली असतं. अशा विमानात वजन पुढे असताना जोरात ब्रेक मारला तर ते नाकावर पडण्याची, म्हणजे प्रोपेलर जमिनीला घासण्याची शक्यता वाढते. गुरुत्वमध्य मर्यादेच्या आत असेल तर यातलं काहीच भयंकर नाही. पण मर्यादेच्या आत आहे की नाही, हे वैमानिकाला कळणार कसं? नव्या आकड्यांनी हिशेब केल्यावरच. सल्ला नेमका हाच हिशेब गाळतो.

‘जास्त वेगानं उडतं.’ सेस्ना १७० चं कमाल वजन २,२०० पौंड. त्यातून २५ पौंड गेले तर चढाईत किंचित फरक पडेल. पण गुरुत्वमध्य पुढे गेल्यामुळे शेपटीला खालच्या दिशेनं जास्त रेटावं लागतं आणि सरळ उड्डाणातला उरलासुरला फायदाही तिथे खर्ची पडतो. वेगासाठी सीट काढणाऱ्यानं आधी स्वतःचं वजन करून पाहावं.

‘दोन माणसांच्या वजनाचं सामान मागे चालतं.’

या वाक्यानं मला खरी धास्ती वाटते, कारण ते ऐकायला अगदी तर्कशुद्ध आहे. तिथे दोन माणसं बसायची, मग तेवढंच सामान का नको? कारण माणसं जमिनीवर ठेवलेली नव्हती. ती सीटवर होती, सीट ठरावीक जागी अडकवलेली होती, आणि माणसांना पट्टे होते. सेस्ना १७० ज्या काळात मंजूर झालं, त्या १९४० च्या दशकातले अमेरिकी नियम असं गृहीत धरत की आपत्कालीन उतरणीत माणसाला पुढच्या दिशेनं ९ जी, म्हणजे वजनाच्या नऊपट, झटका बसेल, आणि बैठकव्यवस्थेनं तो सोसावा. १७० पौंडांच्या माणसासाठी हा जोर १,५३० पौंडांचा होतो. तीनशे पौंडांच्या सामानाचा होतो २,७०० पौंड, आणि समोर असते वैमानिकाची पाठ. बाजारातली लवचिक दोरी यापुढे काय टिकणार! सीट अडकवायच्या जागी सामान बांधण्याची मंजुरी आपोआप मिळत नाही. उघड्या पडलेल्या पत्र्यावर दर चौरस फुटाला किती भार चालेल हेही सीट काढल्यानं ठरत नाही. सेस्ना १७० मध्ये सामानाचा कप्पा मागच्या सीटच्या पाठीमागे आहे आणि त्याची मर्यादा १२० पौंड आहे. सीट काढली की त्या कप्प्यापुढचा आडोसाही गेला.

पुन्हा जागेचा प्रश्न आहेच. माणूस ७२ इंचांवर बसतो तर बसतोच. सामान सरकतं. वरच्याच आकड्यांत ३०० पौंड सामान ७२ वरून ८५ इंचांवर सरकलं आणि भरलेल्या विमानाचं वजन १,९५० पौंड असलं, तर गुरुत्वमध्य दोन इंच मागे जातो. सीट काढून धुरजड झालेलं विमान सामान भरून उलाळ झालं. हा प्रकार जास्त वाईट. विमान अस्थिर होतं, आणि स्टॉल किंवा स्पिनमधून (गिरक्या घेत खाली कोसळण्यातून) बाहेर काढणं अवघड, प्रसंगी अशक्य होतं.

‘कागद लागत नाही.’

अमेरिकेत विमानाचा मालक वैमानिक असेल तर काही किरकोळ कामं स्वतः करू शकतो. त्या यादीत सीटचा उल्लेख आहे, पण तो मंजूर सुटा भाग वापरून सीट ‘बदलण्याचा’ आहे. सीट काढून विमान तसंच उडवणं त्यात बसवायचं तर शब्द ताणावे लागतात. उलट, भाड्यानं विमान चालवणाऱ्या कंपन्यांच्या वैमानिकांना सीट काढू-बसवू द्यायची असेल तर त्यासाठी वेगळी तरतूद आहे, आणि प्रशिक्षणाची अटही. नियम करणाऱ्यांना हे काम इतकं फुटकळ वाटत असतं, तर ती तरतूद लिहिलीच नसती.

‘जुनं विमान आहे, कोण विचारतो’ हे तर उलटंच आहे. १ मार्च १९७९ पूर्वीच्या अनेक छोट्या विमानांना मंजूर फ्लाइट मॅन्युअल नसतं. अशा वेळी वजनाचा तक्ता, उपकरणांची यादी आणि विमानात लावलेल्या सूचनापट्ट्या हाच आधार असतो. त्यातला एक आकडा खोटा ठरला की पुढचा प्रत्येक हिशेब खोटा. उपाय महागडाही नाही. सीट तराजूवर ठेवायची आणि मेकॅनिककडून दोन तक्ते करून घ्यायचे, एक सीटसह आणि एक सीटविना. लॉगबुकात नोंद करायची आणि ज्या दिवशी जशी स्थिती असेल तो तक्ता विमानात ठेवायचा.

‘कुठलंही जुनं विमान असो.’

पिवळ्या रंगाचं पायपर जे-३ कब घ्या. दोन आसनं, एकामागे एक. इंधनाची टाकी पुढच्या माणसाच्याही पुढे, नाकात. म्हणून एकट्या वैमानिकानं मागे बसायचं, असा त्याचा नियमच आहे. इथे मागची सीट काढणारा वैमानिक बसणार कुठे? कबच्याच पुढच्या आवृत्तीत, पीए-११ मध्ये, टाकी पंखात गेली आणि एकट्यानं पुढे बसून उडवणं शक्य झालं. पुढे सुपर कबमध्येही एकटा वैमानिक पुढेच बसतो, त्यामुळे तिथे मागची सीट काढून सामान नेणं नेहमीचं आहे. पण मागची कंट्रोल स्टिक जागेवरच राहिली आणि तिला पिशवी अडली, तर पुढची स्टिकही अडते. आपल्या फ्लाइंग क्लबांत एकेकाळी दिसणाऱ्या एचएएल पुष्पकमध्ये दोन्ही आसनं शेजारी-शेजारी होती, तिथे हा प्रश्नच उद्भवला नाही.

खुद्द पायपर कंपनीनं मागच्या सीटचं काय केलं तेही पाहण्यासारखं आहे. १९६१ ते १९६३ या काळात त्यांनी ट्राय-पेसरचीच दोन आसनी आवृत्ती, कोल्ट, विकली. मागची सीट नाही, मागच्या खिडक्या नाहीत, फ्लॅप्स (उतरताना पंखामागून खाली येणाऱ्या पट्ट्या) नाहीत, इंजिन १०८ अश्वशक्तीचं. आणि तिचं कमाल वजन १,६५० पौंड ठरवलं. ट्राय-पेसरचं होतं २,००० पौंड. सीट गेली म्हणून ‘आता मागे वाटेल ते भरा’ असं कंपनीनं म्हटलं नाही. नव्या विमानाच्या मर्यादा नव्यानं आखल्या.

एक गोष्ट मात्र सल्ला देणारे क्वचितच सांगतात, आणि ती सीट काढण्याच्या बाजूची आहे. सीट बाहेर आली की तिच्याखालचा भाग नीट दिसतो. गंजलेला पत्रा, उंदरांनी केलेली घरटी, क्वचित वर्षानुवर्षं कुणी न पाहिलेल्या केबल्स आणि पुल्या. पायपरच्या नळ्यांच्या सांगाड्यात सीटची नळी कुठली आणि विमानाच्या सांगाड्याची कुठली, हे मात्र पान्हा लावण्याआधीच ओळखून ठेवावं. काढलेल्या सीटला तिचं वजन आणि विमानाचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी बांधावी. परत बसवताना प्रत्येक पिन अडकली की नाही ते सीट हलवून पाहावं, आणि विमानातला तक्ताही बदलावा. बहुतेक जण तो बदलायचा विसरतात.